अमोनिया: शून्य

नळी आधी टाकीच्याच पाण्यानं विसळायची, तीनदा.
मग पाच मिलीच्या रेघेपर्यंत भरायची,
वाकून, डोळा रेघेच्या पातळीला आणून.
काचेवर चढलेली कड धरायची नाही,
मधला खळगा धरायचा.
पहिल्या बाटलीचे आठ थेंब. बाटली उभी, सरळ;
तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात
आणि पुढचं सगळं गणित त्यांच्या मागं जातं.
दुसऱ्या बाटलीचे आठ.
झाकण लावून हलवायची, अंगठा लावून नाही:
अंगठ्यालाही स्वतःचं काहीतरी सांगायचं असतं.
पाच मिनिटं थांबायचं.

इथवर माझ्याइतकं चोख बरक्यात कुणी करत नसेल.
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात,
प्रयोगशाळेत, बावीस वर्षं काढलीत.
तिथं यंत्र आकडा देतं, मी आकडा लिहितो.
घरी मात्र कार्डावरचे चौकोन:
पिवळा, हिरवट, हिरवा, गर्द हिरवा.
मला ते चारही
वाळल्या गवताच्या एकाच पेंढीतले वाटतात.

नोकरीच्या तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक असतं.
मी ते आदल्या रात्री पाठ केलं होतं,
पानागणिक आकडा, पाढ्यांसारखं.
हे फक्त शाल्मलीला माहीत आहे.

म्हणून रंग शाल्मली वाचायची,
आठ वर्षांची असल्यापासून.
स्टुलावर चढून, नळी पांढऱ्या कागदापुढं धरून:
"पिवळा, बाबा."
लिही, म्हणायचो.
ती वहीत लिहायची, अमोनिया शून्य.
तिच्या शून्याला वर एक शेंडी असायची.

मासे मरायचे अधूनमधून.
मी गच्चीवरच्या टाकीला दोष द्यायचो,
जूनमध्ये थंड नळाला येणाऱ्या कढत पाण्याला.
बंद गीझरमधलं निवलेलं पाणी काढून घालायचो;
इथं उन्हाळ्यात गीझरच माठ होतो.
मग वही उघडायचो: शून्य, शून्य, शून्य.
पाण्यावर आळ घेता येत नव्हता.

ऑगस्टमध्ये ती कोल्हापूरला गेली, शिकायला.
पहिल्याच शुक्रवारी नळीचा फोटो पाठवला.
"ट्यूबलाइटखाली काही कळत नाही, बाबा. खिडकीत धर.
नको, थांब, फोनच आपला रंग घालतोय.
कुणाला तरी दाखव."

घरमालकांचा नातू मुहन्नद, वय नऊ,
मासे बघायला येतोच.
त्याच्या हातात नळी दिली, कार्ड दिलं.
त्यानं घाई केली नाही. बाहेर उन्हात गेला,
एक डोळा मिटला.
"असफर?" मी विचारलं. पिवळा?
"ला."
"अखदर?" हिरवा?
पुन्हा "ला."
मग अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली वाकला,
पडलेलं एक लिंबू उचलून नळीला लावलं,
टाकलं, दुसरं उचललं.
तिसरं जुळलं.
"हे. काल पडलेलं."

कार्डावर बोट ठेवायला लावलं:
पाव आणि अर्धा, यांच्या मधोमध.
बाटलीवरची मुदत पाहिली. दुसऱ्या नळीत पुन्हा केलं.
तेच लिंबू.

रात्री शाल्मलीला सांगितलं.
पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.
मग म्हणाली, "कधीकधी हिरवाच असायचा.
तू नाइट करून आलेला असायचास.
हिरवा म्हटलं की लगेच बादल्या काढायचास,
झोपायचाच नाहीस."

वही काढली. चुकीची शून्यं खोडणार होतो.
पण कुठलं शून्य पाण्याचं
आणि कुठलं माझ्या झोपेचं,
शेंडीवरून कळत नाही.
तशीच ठेवली. नवं पान घेतलं:
सकाळी साडेसात. ऊन. पांढरा कागद.
वाचणारा, मुहन्नद.
रंग, काल पडलेलं लिंबू.

पुढच्या शुक्रवारी तिनं नवा कुर्ता
कॅमेऱ्यापुढं धरला.
"रंग कसाय, बाबा?"
"छान," मी म्हटलं, लगेच,
पाच मिनिटं न थांबता.